मयतीचा मेल कोणी पुसायचा

माझी सून घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. सिंदी मेघेच्या आमच्या घराची मागची खोली म्हणजे तिची कचेरी. मी चौथीपर्यंत शिकलेली, तरी तिचं काम मला सांगता येतं. लोकांचे मेल आता यंत्र सांभाळतं. मेल शोधणं, उत्तर लिहिणं, मेल बाजूला ठेवणं, कायमचा पुसणं, अशा प्रत्येक कामाचं एक टूल असतं. कोणतं टूल केव्हा वापरायचं आणि केव्हा हात लावायचा नाही, हे त्या यंत्रासाठी लिहून ठेवणं, हे तिचं काम. यंत्राला ती एजंट म्हणते.

"एजंट? विम्याचा काय?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"विम्यावाला आपल्या मनानं तरी बोलते, आई. ह्याले जेवढं लिहून देलं तेवढंच समजते."

हे लिखाण पसंत पडलं तर घरून काम कायम, नाही तर पुण्याला येऊन बसा, असं कंपनीनं सांगितलं होतं. माझा मुलगा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो पुण्याला जाऊन काय करणार? ती तिकडे, तो इकडे, आणि मधे मी. तिच्यावाचून माझं अडतं, म्हणून मला ते नको होतं.

एका दुपारी मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ती तोंड पाडून बाहेर आली.

"काऊन वो, काय झालं?"

"चाचणीत एजंटनं मयतीचा मेल पुसून टाकला. कोनाचे तरी काका वारले, तेरवी कवा, कुठं, सारं त्यात होतं. पुण्याच्या मॅडमनं विचारलं, असं काऊन केलं त्यानं? पाहिलं तं मीच लिहून ठेवलं होतं. वाचून झालेला, पुन्हा न लागणारा मेल पुसावा. उदाहरण, मयतीची खबर."

"मंग? बरोबरच तं लिहिलं."

मला खरंच बरोबर वाटलं. पूर्वी मयतीचं कार्ड कोपरा फाडून यायचं. फाटका कोपरा दिसला की ते घरात नेत नसत. माझे सासरे फाटकाबाहेर उभे राहून वाचायचे, तिथंच त्याचे तुकडे करायचे आणि मग आंघोळ. असलं पत्र घरात ठेवायचं नाही, एवढं आम्हाला ठाऊक. आता कार्ड येत नाही, फोनवर मेसेज येतो. सून तो वाचते आणि लगेच पुसते. तिची आईही तेच करते. तेच तिच्या हातून लिहिलं गेलं. पुण्याच्या मॅडमला ते कुठून कळणार?

"बरोबर कसं, आई? मेलच गेला तं मानूस तेरवीले कसा जाईन?"

"फाडाच्या आधी साऱ्यायले सांगत होते ना तुह्ये आजेसासरे."

"मंग पोस्टमनच काऊन नव्हता फाडत? त्यालेबी कोपरा दिसेच ना."

"त्याचा काय संबंध? मयत आमची, पत्र आमचं. त्यानं फाडलं असतं तं तुह्या आजेसासऱ्यानं त्यालेच फाडलं असतं."

ती हसली नाही.

"आई, एजंट पोस्टमनच आहे. मी त्याले आजेसासरा करून ठेवला."

आणि शेंगांचा पसारा ओलांडून आत गेली.

संध्याकाळी तिनं नवीन लिहिलेलं मराठीत करून मला वाचून दाखवलं. हे टूल मेल कायमचा पुसतं, तो परत आणता येत नाही. मालकानं त्याच मेलबद्दल सांगितल्याशिवाय हे वापरू नये. वाचून झाला म्हणजे काम संपलं, असं धरू नये. पुसायचा की नाही ते कळत नसेल तर मेल बाजूला ठेवावा आणि मालकाला विचारावं. पुढं उदाहरण, पुन्हा मयतीचंच.

"ते तरी बदल," मी म्हटलं. "लग्नाचं घे. दिवेलागणीच्या वेळेस मयत काय वाचून राह्यली?"

"लग्नाचा मेल पुसाले कोनी नाई धावत, आई. चुकते इथं, तं सांगा लागते इथंच."

मी दिवा लावायला उठले. तिचं काम तिला येतं.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. या खेपेला एजंटनं मयतीचा मेल जागेवर ठेवला, तेरवीचा दिवस मालकाला दाखवला आणि पुसू का म्हणून विचारलं. लिखाण पसंत. घरून काम कायम.

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आता पुण्याले नाई जात मी."

"मंग आजची भाजी तुह्याकडं."

"थांबा, आधी आंघोळ करतो. आठवडाभर मयतीतच बसून राह्यलो."

आणि खरंच गेली आंघोळीला. भाजी मीच टाकली.