आबा (विवादित प्रत)

ते वाक्य मी खोडलं होतं. लिहिल्या लिहिल्या, चहा निवायच्या आत. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवावं अशी विनंती आहे. आणि विनंती करतानाच कळतंय की ती फारशी कामाची नाही. खोडलं म्हणजे आधी लिहिलं होतं.

माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आले. मेव्हणा लोणावळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. आमचं कामशेतचं घर तळमजल्याला. म्हणून आमच्याकडे. आबांच्या वडलांच्या काळात लेकीच्या घरी पाणीसुद्धा उंबऱ्यात उभं राहून पीत. आबा तेवढे कडक नव्हते, पण मुक्कामाला येताना पिशवीत स्वतःचं ताट, वाटी आणि तांब्या घेऊन आले. "गुडगा वाकाय लागला की मी चाललो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. गुडघा वाकायला लागला. त्यावर कुणीच काही बोललं नाही. मी तर एरवीही बोलत नाही.

बोलण्याऐवजी आमच्याकडे अ‍ॅप होतं. बायको, मेव्हणा आणि मी, तिघांनी फोनवर नोंदींचं एक अ‍ॅप घेतलं होतं. एकाने लिहिलं की सगळ्यांना दिसतं, असा त्याचा दावा. त्यात "आबा" नावाची एक नोंद होती. गोळ्या, व्यायाम, तळेगावच्या हॉस्पिटलची तारीख, आणायची भाजी, सगळं तिच्यातच. माझा जुना फोन आबांना दिला होता, त्यावरही ती नोंद होती. पण आबा त्या फोनवर फक्त कुठली गाडी किती लेट आहे एवढंच बघतात, अशी माझी समजूत होती.

पहिला घोळ दुधीचा. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं म्हणून बायकोने नोंदीत "दुधी" लिहिलं. मी आणला आणि पुढे खूण केली. मेव्हणा ज्या रिसॉर्टवर नोकरीला आहे ते डोंगराच्या पोटात आहे, तिथे रेंज येत नाही. माझी खूण त्याच्यापर्यंत पोचली नाही, म्हणून तोही दुधी घेऊन आला. स्टेशनवर त्याच्या फोनला रेंज आली, त्याबरोबर त्याचं जुनं पान आमच्या नव्या पानावर येऊन बसलं आणि माझी खूण गेली. मग बायकोने दुधी आणला. तिची खूण माझ्या जुन्या खुणेशी भांडली, दोघी गेल्या. आठवडाभरात फ्रीजमध्ये दुधी, तांदळाच्या डब्यावर दुधी, टीव्हीमागे दुधी. आबा ताटाकडे बघत म्हणाले, "डाक्टरनी दुदी खायाला सांगितलाय, का पेरायला?"

दुसरा घोळ हॉस्पिटलचा. बदललेली तारीख परत जुनी झाली आणि आम्ही आबांना रिक्षात घालून तळेगावला नेलं, तर डॉक्टर त्या दिवशी बसतच नाहीत. घरी आल्यावर बायकोने नोंद उघडली. तिथे आता दोन नोंदी होत्या. दुसरीला अ‍ॅपने स्वतःच्या मनाने नाव दिलं होतं. बायकोने ते मोठ्याने वाचलं : "आबा, कंसात, विवादित प्रत."

आबा पलंगावर गुडघा शेकत होते. "मी विवादित कवापास्नं झालो?" त्यांनी विचारलं.

मी समजावायला गेलो. दोन फोनचं जमलं नाही की अ‍ॅप दोन्ही ठेवतं, वगैरे. आबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या केबिनमध्ये गेली, सिग्नलचे आणि रुळांचे खटके ओढण्यात. "दोन टेशनांचं जमलं न्हाई म्हून आमी दोन गाड्या ठेवल्या असत्या एका रुळावर, तर?" ते म्हणाले. "तुमी आकडा घेत न्हाई, ही तुमची चूक."

आकडा म्हणजे प्रायव्हेट नंबर. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला फोन करायचा. ते गाडी घ्यायला तयार असतील तर आपल्या कागदावरचा एक आकडा सांगतात, आपण तो लिहून घ्यायचा. आकडा मिळाला नाही तर गाडी हलत नाही. आबांनी कॅलेंडरच्या जुन्या पानांमागे प्रत्येकाला आकड्यांचे कागद करून दिले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात नोंदीत कोथिंबीर जरी लिहायची तरी फोन करून समोरच्याकडून आकडा घ्यावा लागू लागला. बायकोला हे आवडलं. वडील पलंगावर उठून बसायला लागले, त्यांना काम मिळालं. मेव्हणा नुसतं "हो आबा, हो आबा" म्हणायचा. त्याला रेंजच नसते.

मी परंदवडीच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअरला आहे. माझ्या टेबलावर दिवसातून कितीतरी वेळा फोन वाजायचा. बायको म्हणायची, "कॅल्शियमची गोळी दिली." मी कागद बघून म्हणायचो, "त्रेसष्ट." फोन ठेवायचो. थोड्या वेळाने, "अठ्ठावीस." शेजारच्या टेबलावरचा माणूस हे मन लावून ऐकत होता. एक दिवस खुर्ची सरकवून जवळ आला.

"साहेब, तुम्ही इतके गप्प माणूस. आम्हाला वाटलं देवळात जात असाल."

"काय झालं?"

"कुणाकडनं घेता आकडा? कल्याणचा का?"

त्याला वाटत होतं मी मटका लावतो. मी म्हटलं, घरचा आकडा आहे, सासऱ्यांचा. हे ऐकून त्याचा आदर आणखी वाढला. त्याने त्रेसष्टवर पैसे लावले, ते बुडाले, आणि त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. स्टोअरभर मात्र बातमी झाली. सुपरवायझरने मला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, व्यसनं कशी सुटतात ते सांगितलं. मी ऐकून घेतलं. "सासरे केबिनमन होते," एवढं एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. नाही बोललो.

त्या संध्याकाळी घरी आलो. बायको बाजारात गेली होती. मी चहा घेऊन गॅलरीतल्या माझ्या खुर्चीकडे गेलो, तिथे आबा बसले होते, बरेच दिवस तिथेच बसायचे. समोरून एक मालगाडी गेली. "लेट हाय," आबा म्हणाले. मी बरं म्हटलं. "आज लोकलपन लेट व्हती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "किती?" मला माहीत नव्हतं. "बसून आला गाडीत आन् माहीत न्हाई?" एवढंच. यात रागवण्यासारखं काही नाही हे मला तेव्हाही कळत होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, फोन काढला आणि "कॅल्शियम" आणि "दुधी नको" यांच्या मध्ये लिहिलं :

गुडघा बरा झालाय, आता यांना कुणीतरी घेऊन जा.

बोलता आलं असतं तर लिहिलं नसतं. वाचलं, खोडलं. कुणी पाहिलं नाही. शिवाय त्याला आकडा नव्हता; आबांच्याच नियमाने ते वाक्य झालेलंच नव्हतं.

सोमवारी कारखान्यातला कंप्यूटर सुरू केला. त्यावर मी कधीतरी ते अ‍ॅप उघडून ठेवलं होतं. वाक्य कधी तिथे पोचलं होतं कोण जाणे. अ‍ॅपने विचार केला, इथे जास्त मजकूर आहे, तिथे कमी आहे, म्हणजे तिथे हरवला असणार. त्याने ते वाक्य अगत्याने सगळीकडे परत पाठवलं. मी खोडलं. दुसऱ्या दिवशी ते बायकोच्या फोनवरून परत आलं. "चार्जिंग बघतो" म्हणून तिचा फोन घेतला आणि खोडलं. मग विवादित प्रतीत सापडलं. ती प्रतच खोडली, तर अ‍ॅपने तिचीही प्रत काढली. आता वाक्य "व्यायाम" या मथळ्याखाली गेलं होतं : पाय सरळ उचलणे, टाच ओढणे, आता यांना कुणीतरी घेऊन जा.

माझे दिवस असे जाऊ लागले. सकाळी उठलो की आधी नोंद बघायची. कधी वाक्य असायचं, कधी नसायचं. बायको वरच्या दोन ओळींखाली वाचत नाही, हा एकच आधार. तिने ते वाचलं असतं तर मी काय केलं असतं माहीत नाही. जन्मदात्याला आपल्या घरी ठेवून घेतलं म्हणून ती माझ्याविषयी चार माणसांत चांगलं बोलायची, मी समोर असताना बोलायची.

शेवटी लक्षात आलं की मूळ मेव्हण्याच्या फोनमध्ये आहे. तो दिवसभर रेंजबाहेर, आणि संध्याकाळी स्टेशनवर आला की जुनं सगळं सोडतो. रविवारी चिक्की आणायच्या निमित्ताने लोकलने लोणावळ्याला गेलो आणि तिथून त्याच्या रिसॉर्टवर. तो काउंटरवर होता. मी म्हटलं, "जरा तुझा फोन दे."

त्याचा चेहरा उतरला. "कशाला, दाजी?"

"बघायचंय एक."

त्याने फोन दिला नाही. मला बाहेर बागेत घेऊन गेला. पर्यटकांची पोरं तरणतलावात किंचाळत होती. "ताईला कळलं का?" त्याने विचारलं. मी गप्प राहिलो, कारण काय कळलं हे मला कळेना. गप्प राहण्याचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा. तो सगळं ओकला. त्याला तळमजल्याची एक जागा मिळत होती, त्याच भाड्यात. त्याने नाही म्हणून सांगितलं. "तळमजला घेतला असता तर आबांना आणावं लागलं असतं ना," तो म्हणाला. "दाजी, तुम्ही देवमाणूस आहात. मला नाही जमणार. माझ्या बायकोचे आणि आबांचे खटके उडाले की ते कोण ओढणार?"

देवमाणसाने फोन घेतला, वाक्य शोधलं, खोडलं, आणि अर्धा किलो चिक्की घेऊन परत आला.

घरी आलो तर आबा खोलीत पिशवी भरत होते. ताट गेलं होतं, वाटी गेली होती, धोतराच्या घड्या चालू होत्या. बायको आत पोळ्या करत होती, तिला पत्ता नव्हता. मी फोन उघडला. वाक्य मेव्हण्याच्या फोनवरून गेलं होतं, पण आबांच्या फोनवरून आलं होतं, आणि त्याच्याखाली एक आकडा होता. एकेचाळीस. आबांनी गाडी घेतली होती.

"आबा, हे काय?"

"लोणावळ्याला जातो."

"तिथे जिना आहे."

"गुडगा बरा झालाय. तुमीच लिवलंय."

मी पलंगाच्या कडेला बसलो. आबांनी धोतर पिशवीत घातलं आणि तेही बसले.

"मला त्येचा राग न्हाई, जावईबापू," ते म्हणाले. "पर तुमी एकदा ठरवा की. मी रोज सकाळी बगतो. एक दिस ऱ्हातंय, एक दिस जातंय. हाय म्हटलं की मी पिशवी भरायचो. न्हाई म्हटलं की परत सोडायचो. लय दिस झालं. माज्या ताटाला पोचा आला भरून-सोडून. मानसानं असा दररोज इचार बदलू ने."

मी त्यांना सिंक, म्हणजे फोन एकमेकांशी कसे जुळवून घेतात ते, समजावलं. इतकं सलग मी त्या घरात कधी बोललो नव्हतो. एक वाक्य, एकदा लिहिलं, लगेच खोडलं, पुढचा सगळा अ‍ॅपचा खेळ. आबा लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हंजी हे मशीनच लिवत व्हतं?"

मी नुसतं हो म्हणायचा अवकाश होता. म्हातारा हो ऐकायला तयार बसला होता, पिशवीवर हात ठेवून. दारात पीठभरल्या हातांनी बायको येऊन उभी राहिली होती. तिने कुठपासून ऐकलं होतं देव जाणे.

"पहिल्यांदा मी लिहिलं," मी म्हणालो. "मनापासून लिहिलं. नंतर मशीनने."

"आन् नंतरच्या दिवसांत तुमच्या मनात काय व्हतं? ऱ्हायचं का जायाचं?"

"कधी राहायचं, कधी जायचं."

"म्हंजी मशीन बराबर चाललंय."

"साधारण," मी म्हणालो.

बायको आत निघून गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला. आबांनी पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाले, "वरन पातळ असतंय तुमच्याकडं. आन् तुमी जेवताना एक अक्शर बोलत न्हाई, मला मयतीला बसल्यावानी वाटतंय. मीबी कदी ऱ्हाव म्हनतो, कदी जाव म्हनतो." आणि पिशवीतून ताट काढून त्यांनी पलंगावर ठेवलं. बाकी सामान आतच राहू दिलं.

बायको माझ्याशी पुष्कळ दिवस बोलली नाही, आणि आता बोलते ते पूर्वीसारखं नाही. चार माणसांत तर नाहीच. मेव्हण्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते इथे लिहिलं, तेवढंच. अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकलं. आता सकाळी चहा घेताना आबा बायकोसमोरच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "काय जावईबापू, आज ठेवताय का न्हाई?" आणि मला उत्तर द्यावं लागतं. बहुतेक दिवशी ठेवतो म्हणतो. परवा म्हटलं, "आज नको, आबा." बायकोच्या हातातला कप तिथेच थांबला. आबांनी मान हलवली, काठी घेतली, लोकलने लोणावळ्याला गेले, तीन मजले चढले आणि संध्याकाळी परत येऊन सुनेच्या चहाला तासभर नावं ठेवत माझ्या खुर्चीत बसले. मी खाली जमिनीवर बसून ऐकलं. मधे एकदा मीच विचारलं, येताना लोकल किती लेट होती.