कवटीभोवतीचा मोगरा

आमच्या बुलेट क्लबच्या जॅकेटच्या पाठीवर लावायच्या कापडी बिल्ल्यासाठी मी कवटीचं चित्र काढलं. आम्ही चौघंही पन्नाशी उलटलेले. कुणीतरी आपल्याला घाबरावं एवढी एकच हौस राहिली होती. भरतकाम करणाऱ्या शोभाताई म्हणाल्या, "भाऊ, नुसती कवटी अभद्र दिसते. भोवती मोगरा भरते." आम्ही नको नको म्हणत असताना त्यांनी तो भरलासुद्धा.

पहिल्याच सहलीत आम्ही ढाब्यावर ऐटीत बसलो होतो. मागच्या बाकावरच्या अनोळखी आजी उठल्या आणि माझ्या पाठीवरच्या फुलांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "काय बारीक टाका आहे हो!"

दोस्त खो-खो हसले. पण आपल्या पाठीवरून इतक्या मायेनं हात शेवटचा कधी फिरला होता, ते मला आठवेना. मी न वळता तसाच चहा पीत राहिलो.