‘तुला काय दिसतं?’ विचारणाऱ्या शैलाताई

धुळ्यातल्या आमच्या स्वमग्न मुलांच्या केंद्रात मी जळगावहून मुलाखतीला आले, तेव्हा केंद्राच्या प्रमुख शैलाताई एका मुलाशेजारी फरशीवर बसल्या होत्या. "बसा, त्याचं होऊ द्या," एवढंच म्हणाल्या. मीही खाली बसले. आमचा परिचय असा झाला.

मी रुजू झाले त्याच उन्हाळ्यात पंधरा वर्षांची वैशाली पिंपळनेरहून येऊ लागली. वर्गाच्या दाराशी आली की ती कानांवर हात ठेवून मागे फिरायची. कूलरचा आवाज सहन होत नसेल म्हणून मी तो बंद केला, तरी ती आत येईना. सगळ्यांच्या तोंडून ‘हट्टी’ ऐकून ऐकून शेवटी तिचे वडील थकले. "ताई, बठ्ठा म्हंतस, पोर हट्टी शे. आते इले घरच ठेवसू."

"आजचा दिवस थांबा, भाऊ," ताई म्हणाल्या आणि वैशालीशेजारी उंबऱ्यावर बसल्या. मग ताईंनी हळूच विचारलं, "तुला आत काय दिसतं?"

वैशालीनं कूलरकडे बोट केलं. "तो रागावलाय."

वर दोन गोल बटणं, खाली वाकलेली पट्टी. आम्ही रोज पाहत होतो, पण त्यात चेहरा आम्हाला कधी दिसला नव्हता. ‘अगं, ते यंत्र आहे,’ असं ताई म्हणाल्या नाहीत. "मग काय करू या?"

"डोळे झाका."

ताईंनी बटणांवर आपला नॅपकीन टाकला. वैशाली आत गेली आणि खिडकीजवळ बसली. वडील पायरीवर बसून राहिले. दुपारची बस त्यांनी सोडून दिली.

अशा मुलांना वस्तूंमध्ये चेहरे दिसतात, असं मी उत्साहानं सगळ्यांना सांगत सुटले. ताईंनी केंद्रातल्याच सोळा वर्षांच्या रोहनला बोलावलं, नॅपकीन काढला आणि तोच प्रश्न विचारला.

"कूलर. डावं बटण सैल आहे," रोहन म्हणाला.

ताई हसल्या. "एकाचं उत्तर दुसऱ्याच्या माथी मारायचं नाही. प्रत्येकाला विचारायचं." पुढे नळ, बॅगा, घड्याळं यांची चित्रं दाखवतानाही त्यांनी कुणाचं उत्तर कधी चूक ठरवलं नाही. चेहरा दिसला तर तो कसा आहे, एवढंच विचारत.

हीच आस्था आम्हा सहकाऱ्यांच्याही वाट्याला आली. माझी आई जळगावला दवाखान्यात होती, तेव्हा ताईंनी माझे वर्ग तर घेतलेच, शिवाय त्या भरीत-भाकरीचा डबा घेऊन एसटीनं आल्या आणि आईच्या उशाशी बसून त्यांनी मला जबरदस्तीनं झोपायला पाठवलं.

वैशाली आज वडिलांच्या किराणा दुकानात बसते. गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे ती फारसं बघत नाही. आवाजावरून ओळखते आणि न सांगता नेहमीचा साबण काढून ठेवते. तिच्या वडिलांनी ताईंच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी निरोप दिला आहे: "ताईमुये मनी पोर माले समजनी."

ताई, पंचाहत्तर वर्षांत आपण सगळ्यांचं ऐकत आलात. आता थोडं डॉक्टरांचंही ऐकावं, गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि निरोगी शंभरी गाठावी. आपण अजून आम्हाला खूप हव्या आहात.