शिवगंगेचं पोतं

आमच्या तामलवाडीत शिवगंगा कुठं बसली होती, हे ती उठून गेल्यावरही कळायचं. जन्मतःच तिची लघवीची पिशवी पोटावर उघडी होती. लघवी साठायचीच नाही, सारखी झिरपायची. म्हणून जाईल तिथं ती स्वतःचं पोतं काखेत घेऊन जायची आणि ते अंथरूनच बसायची. मी तिची चुलत बहीण. लग्नाच्या पंगतीत तिचं पोतं उंबऱ्याबाहेर टाकलेलं दिसलं की माझं डोकं असं फिरायचं!

बहात्तरच्या दुष्काळात तर कहर झाला. तिची आई, आमची प्रेमाकाकू, दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि टँकरचं मिळालेलं पाणी लेकीची फडकी धुण्यात घालायची. शेजारची पुतळाबाई तोंडावर बोलायची, "हितं प्यायला न्हाय, अन् हिचं धुणं चाललंय!" काकू ऐकून घ्यायची. पण असल्या पोरांचं सोलापूरला ऑपरेशन होतं, हे कामावर कुणाकडून तरी कळलं आणि दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन एसटीत बसली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या मोठ्या आतड्याला जोडायच्या. मग लघवी संडासच्या वाटेनं येईल आणि पोरीला धरून ठेवता येईल. पण तिला धरता येतं का, हे आधी बघायचं. येत नसेल, तर ऑपरेशन नाही.

त्यांनी संडासच्या वाटेनं आत मिठाचं पाणी चढवलं आणि तिला व्हरांड्यात हिंडायला लावलं. पोरगी ओठ आवळून हिंडत राहिली. काकू भिंतीला टेकून नुसती फरशीकडं बघत होती. त्या पाण्याचा एक थेंब पडला नाही. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "शाब्बास! जा आता संडासला."

"न्हाय जात."

"अगं, झाली परीक्षा!"

"न्हाय. सोडलं तर तुम्ही घरी धाडताल."

डॉक्टरांना हसू आवरेना. काकूनं दंडाला धरून ओढत नेलं, तेव्हा कुठं बाईसाहेब मोकळ्या झाल्या.

ऑपरेशन झालं, पोटावरची उघडी जागाही बंद केली. पुढं ताप आला, टाके चिघळले, औषधं आणि तपासणीच्या खेपा तर कायमच्याच मागं लागल्या. पण झिरपणं थांबलं ते थांबलंच.

दोन-तीन वर्षांनी गावात दूध सोसायटी निघाली. पहिली सभा देवळापुढं जाजमावर भरली. काकूनं म्हैस घेतली होती, म्हणून मायलेकी दोघी आल्या. शिवगंगेच्या काखेत सवयीनं पोतं होतंच. ती दिसताच पुतळाबाई पदर सावरून लांब सरकली. शिवगंगेनं पोत्याची घडी घातली आणि आईपुढं सारली. "आई, तू बस ह्याच्यावर. तुझं गुडघं दुखतेत." आणि स्वतः ऐसपैस जाजमावर बसली.

भाषणं लांबली. मध्ये एकदा ती उठून परसाकडं जाऊन आली, पुन्हा त्याच जागी बसली. सभा संपली, माणसं उठली. काकूनं लेक बसली होती तिथं तळवा फिरवला, आणि इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

"पुतळाबाई, लावा की हात! कोरडं हाय! लावा!"

सगळं गाव बघत होतं. पुतळाबाई वाकली, हात लावला, आणि त्याच जागेवर खाली बसली.