तिसरा प्लग

कराडजवळ उसाची रोपं विकणाऱ्या राजेश्वरीचं वडिलांमागं थोरल्या भावाशी, जयराजशी, कधी पटलंच नाही. वडिलांच्या जुन्या गाडीवरून तर रोज जुंपायची. राजेश्वरी त्या गाडीतून रोपं पोचवायची आणि जयराजला गाडी भंगारात काढायची होती. त्यात इंजिन टकटक वाजायला लागलं.

"इंजिन बसलं हाय. आजच सांगलीला भंगारात घालू," म्हणत तो तिच्या शेजारी येऊन बसला. "आधी तिथल्या मेकॅनिकला दाखवू," म्हणत तिनं गाडी काढली.

माधवनगरजवळ आवाज वाढला तशी तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ठिकठिकाणी टेकवून मूठ कानाला लावली. तिसऱ्या प्लगपाशी टकटक थेट कानात घुसली. इंजिन निवल्यावर पाना लावायला गेली, तर प्लग हातानंच फिरला.

"मागल्या आठवड्यात प्लग तूच साफ केलास न्हवं?"

"मग? मुद्दाम ढिला ठेवला म्हणतीस?"

"मी कुठं म्हणलं तसं?"

जयराजनं तोंड फिरवलं. तिनं प्लग आवळून गाडी सुरू केली. टकटक थांबली होती.

"तरी इकायचीच," तो म्हणाला.

"उतर खाली."

तो शिव्या देत उतरला. त्याला तिथंच सोडून तिनं गाडी कराडकडं वळवली. पलूस मागं पडलं तरी ती थांबली नाही.