उजवी बाजू वर

सालमन माशाचं पोट अर्धं चिरून झालं होतं. मधली दोन बोटं जागा तशीच सोडायची आणि पुढे पुन्हा सुरी लावायची, ही मियोमोते नदीकाठची रीत. सबंध पोट फाडणं हे सामुराईचं मरण. या गावात मासासुद्धा ते मरण मरत नाही. त्सुरुए ती दोन बोटं मोजत होती, तोच धाकटा भाऊ शिगेमित्सु दारात उगवला. हातात मिठाईचा डबा. असा डबा सहा वर्षांत पहिल्यांदाच! स्वारीचं काहीतरी अडलंय, हे तिनं डब्यावरूनच ओळखलं.

शिगेमित्सु तोक्योत भुताखेतांची मांगा, म्हणजे चित्रकथा, काढतो, दर आठवड्याला एक भाग. तीन वर्षांपूर्वी त्सुरुए गल्लीच्या कोपऱ्यावरच्या जिझोपुढे, लेकरांच्या त्या दगडी रखवालदारापुढे, भात ठेवत होती. यानं फोनवर स्वतःसकट तिचा फोटो काढला. तो आरशातल्यासारखा उलटा आला आणि या थोर चित्रकारानं तो तसाच गिरवला. किमोनोची डावी बाजू वर असते ती जिवंतांची. उजवी वर फक्त प्रेताची. जिवंत म्हणून काढलेली बाई पहिल्याच पानावर मढ्याच्या वेशात! वाचक म्हणाले, "अरे, ही तर आधीपासून मेलेलीच!" यालाही ते तेव्हाच कळलं. मग जिथे तिथे छातीठोक सांगत सुटला, "खूण मीच पेरली होती." आयत्या बिळावरचा नागोबा. आता त्यावर सिनेमाही निघाला.

आणि इकडे शाळेतल्या पोरी त्सुरुए दिसली की अंगठे मुठीत लपवायच्या. शववाहिनी जाताना लपवतात तसे; अंगठा हे आईबापांचं बोट, त्यांना काही होऊ नये म्हणून. परवा गल्लीच्या प्रमुखांच्या पत्नी, मिवाकोबाई, गोड आवाजात म्हणाल्या, "या चोविसाला जिझोचं राहू द्या हं तुम्ही. मुली घाबरतात." आठ दिवसांची लेक गेली, तेव्हापासून एकतीस वर्षं जिझोच्या पूजेची दर महिन्याची चोवीस तारीख त्सुरुएची होती. एकदाही चुकली नव्हती.

"ताई, उद्या सिनेमाची माणसं येताहेत," शिगेमित्सु म्हणाला. "तू जिझोपाशी नुसती उभी राहा. किमोनो तेवढा... त्या पद्धतीनं."

"कुठल्या?"

"अगं, उजवी बाजू वर. फोटोपुरतं. दोन मिनिटं."

"दोन मिनिटं मरू म्हणतोस?"

"तू पण ना! लोकांना आवडतं गं ते."

"मग पुढच्या भागात छाप, फोटो उलटा होता, माझं चुकलं."

"वेडी आहेस का? सगळा सिनेमा त्या खुणेवर उभा आहे!"

"खूण कसली? तुझा ढपणा तो." तिनं सुरी खाली ठेवली आणि कापूस भरलेल्या अंगरख्यानिशी त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. "बघून सांग, माझी कुठली बाजू वर आहे?"

त्यानं डोळे बारीक केले. समोर बोट नाचवलं. "उजवी."

त्सुरुए हसली. लहानपणी तो चपला उलट्या घालून रडायचा तेव्हा हसायची, तशी. फक्त तेव्हाची माया आता त्यात नव्हती.

"ती तुझ्या उजव्या हाताला. माझी डावी आहे ती. बावन्न वर्षांचा झालास. माणसांचे पेहराव रेखाटून पोट भरतोस आणि समोरच्या बहिणीची डावी-उजवी कळत नाही तुला. उद्या मी जिझोपाशी असेन, डावी बाजू वर करून. बोलव तुझ्या फोटोवाल्यांना. जिवंत बाईचा फोटो काढा म्हणावं."

"ताई, माझी अब्रू..."

"ती तू नीट घडी घालून ठेव. उलटी घालू नकोस म्हणजे झालं."

तिनं डबा त्याच्या हातात परत दिला. उरलेलं पोट चिरलं, मीठ चोळलं आणि मासा शेपटीला दोरी बांधून वळचणीला टांगला. शिगेमित्सु डबा घेऊन गेला. मग हात धुऊन तिनं राखाडी किमोनो चढवला. आरशात पाहिलंच नाही. डावी बाजू वर आहे ना, हे तळव्यानं चाचपलं.

आता मिवाकोबाईंकडे जायचं होतं, उद्याची चोवीस आपलीच आहे हे सांगायला.