पंजाची भिंत

चुनासर भिंत चाटून बघायचे. खरंच. तेलुगू मुलखात, नारायणगुड्यातल्या आमच्या मराठी शाळेत ते चित्रकला शिकवत. जुनी भिंत दिसली की नखानं खरवडून जिभेवर ठेवत आणि म्हणत, "चुना आहे. ही श्वास घेते." आम्ही पोरं खिदळायचो.

दर हिवाळ्यात ते आम्हाला शहराबाहेरच्या एका खेड्यातलं जुनं चर्च दाखवायला न्यायचे. दोन हात जाड दगडी भिंती, वर चुन्याचा गिलावा, आत गारवा. दाराशेजारी गिलाव्यात एका बाईचा पंजा उमटलेला. गाव सांगे, चर्च बांधताना चुना मळणारी बाई इथंच बाळंत झाली, सुखरूप सुटली, म्हणून तिनं ओल्या भिंतीवर हात ठेवला. तेव्हापासून गावातली गर्भार बाई, कुठल्याही धर्माची असो, त्या पंजावर हात टेकवून जाई. सर म्हणत, "गोष्ट खोटी असेल. पंजा खरा आहे ना? मग बस्स."

सरांच्या पंच्याहत्तरीला आम्ही माजी विद्यार्थ्यांनी काय दिवे लावले ते ऐका. त्यांना न सांगता चर्च दुरुस्त करून द्यायचं ठरवलं. चर्चची कमिटीही खूश. एकाही शहाण्यानं सरांना विचारलं नाही. इंजिनिअर मी, तेव्हा अक्कल माझीच! चुना खरवडायचा कंटाळा, म्हणून वरूनच सिमेंट, त्यावर चकचकीत टाइल्स. मिस्त्रीनं विचारलं होतं, "साब, ये पंजे का क्या करना?" मी फोनवर होतो. हातानंच खुणावलं, चालू दे.

सत्कार चर्चपुढेच ठेवला होता. त्या दिवशी सर शाल अंगावर घेऊन थेट दाराशी गेले. तिथं एक पोटुशी मुलगी सासूबरोबर उभी होती, टाइल्सवरून हात फिरवत शोधत होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, आत आहे. सिमेंटखाली सेफ आहे," मी म्हणालो. जीभ झडायला हवी होती माझी. इतका संताप मला आजवर दुसऱ्या कुणाचा आलेला नाही.

सर वळले. त्या मुलीपुढे हात जोडून तेलुगूत म्हणाले, "तप्पु मादे, अम्मा." चूक आमचीच आहे, बाई.

पुढच्या गुरुपौर्णिमेला दरवर्षीसारखे आम्ही हार-पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. सगळ्यांत आधी मी वाकलो. सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.